नाथांची अर्जदस्त

नाथबाबांच्या काळी (१५३३–१५९९) दरबारी भाषा फारसी. अर्जदस्त, परगणा, कौलनामा असे शब्द अंमलदाराच्या तोंडून आले की कुणबी हात जोडून उभा राही. अर्थ कळो न कळो, वजन कळे. नाथांना दफ्तर परके नव्हते. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावरचे अधिकारी. पुढे शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. नाथांनी मात्र तेच शब्द भारुडात घेतले. शरीर हा परगणा, मन देशमुख, काम महाजन, आणि जीव बिचारा धन्यापुढे अर्ज करतो. सारावसुलीने गांजलेल्याला हे ऐकताच उमगे. शब्द साहेबाचा, पण दुखणे श्रोत्याचे!

आता आमच्या धामणगाव बढेकडेही सप्ताहात ‘पॉझिटिव्ह एनर्जी’, ‘व्हायब्रेशन’, ‘माइंडसेट’ ऐकू येते. इंग्रजी म्हणून माझी तक्रार नाही, माउली. नाथांनी फारसी घेतलीच की. पण कीर्तन सुटल्यावर मंडपातल्या एखाद्या आजीला विचारा, महाराज काय म्हणाले?

“लय मोठं बोलले बाप्पा!”

काय बोलले, ते तिला सांगता येत नाही.