नळ, हौद आणि दंड

युनिक्समधल्या ‘पाइप’ला मराठी शब्द हवा असेल तर परिभाषाकोश बाजूला ठेवून मंडईत डोकवावे. गणपतीच्या दिवसांत तिथे पिपाण्या दिसतात, दिवाळीत भुईनळे. कोड्याचे दोन्ही तुकडे तिथेच आहेत.

पाइपच्या मुळाशी लॅटिन ‘पिपारे’, म्हणजे चिवचिवणे. आधी आवाज, मग तो काढणारी पोकळ काडी, शेवटी नुसतीच पोकळी. आपल्या पिपाणीशी त्याचे नाते नसावे. दोन्ही भाषांनी ‘पी-पी’ स्वतंत्रपणे ऐकलेले दिसते. नळाची वाट मात्र बांधावरून येते. वैदिक ‘नड’ म्हणजे बोरूसारखे पोकळ गवत; त्यातून नल, नळ, नळी. नाडीही याच गोतातली असावी. पुढे अर्थ इतका फुगला, की पेशव्यांनी 18व्या शतकात कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आणलेला, माणूस आत शिरेल असा दगडी बोगदाही ‘नळ’च ठरला. त्यावरच्या हवा सोडणाऱ्या मनोऱ्यांना ‘उच्छ्वास’ म्हणणाऱ्याला माझा नमस्कार!

 

कात्रजचे पाणी जिथे साठे तो हौद. मूळ अरबी. पण त्यातले शेवटचे अरबी अक्षर फारसीतून आले की त्याचा ‘ज’ होतो: काजी, रमजान, दिल्लीचे हौज खास. मग आपल्याकडे ‘द’ कसा? शब्द बंदरांवरून, अरबांच्या तोंडून थेट आला असावा काय? वाचकांनी डोके चालवावे.

प्रोग्रॅम बागेतल्या रबरी नळीसारखे एकमेकांना जोडता यावेत, असे डग्लस मॅक्लरॉय यांनी 1964 साली टिपून ठेवले होते. 1973 मध्ये केन थॉम्पसन यांनी ते ‘पाइप’ म्हणून युनिक्समध्ये आणले. पण या नळीच्या पोटात कर्नलने राखलेला हौदच असतो. लिनक्समध्ये तो सहसा 65,536 बाइटांचा. भरला की लिहिणारी प्रोसेस खोळंबते, रिकामा असला की वाचणारी. आपण ‘नळ आले का?’ असे विचारतो तेव्हा तोटी जागेवरच असते; विचारायचे असते पाण्याचे. वाचणाऱ्या प्रोसेसचीही चौकशी नेमकी तीच. पाइपला ‘वाहिनी’ म्हणावे, तर त्या शब्दात हे खोळंबणे येत नाही, शिवाय दूरदर्शनने तो कधीच पळवला आहे.

खरी गंमत चिन्हात आहे. ‘सॉर्ट | युनिक’ या आज्ञेतली उभी रेघ म्हणजे आपल्या डोळ्यांना दंडच. पोथीत दंड आला की वाक्य संपते. शेलमध्ये दंड आला की आधीच्याचे म्हणणे पुढच्याच्या हाती जाते. एकच रेघ, दोन उलट हुकूम.

तेव्हा माझा कौल असा: पाइपला नळ, त्यातल्या बफरला हौद, आणि वाचणारा निघून गेल्यावर लिहिणाऱ्याला जो सिग्नल बसतो त्याला ‘फुटका नळ’.