रोमन कांस्य नाण्यांवरील देवताप्रतिमा : गणराज्याकडून साम्राज्याकडे

प्रस्तावना :
प्राचीन रोमच्या अभ्यासात सोन्या-चांदीच्या नाण्यांना विशेष महत्त्व दिले जाते. तथापि सामान्य नागरिकाच्या नित्य व्यवहारातील नाणे कांस्याचे होते. त्यावरील देवतेचे स्थान कसे बदलत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

देवता आणि मूल्य :
इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात रोमने ओतीव कांस्य नाण्यांची सुसूत्र मालिका प्रचारात आणली. सर्व नाण्यांच्या मागील बाजूस युद्धनौकेचा अग्रभाग असे. दर्शनी बाजूची देवता मात्र मूल्यानुसार बदले. पूर्ण 'आस'वर द्विमुखी जेनस, अर्ध्यावर सॅटर्न, तृतीयांशावर मिनर्व्हा, चतुर्थांशावर हर्क्युलिस व षष्ठांशावर मर्क्युरी अशी ही योजना होती. देवतेचा मुखवटा ही एक प्रकारे नाण्याच्या मूल्याचीच खूण होती.

पुढे युद्धखर्चाच्या ताणामुळे आसचे वजन घटत गेले. आरंभी सुमारे पाव किलोचे हे नाणे इ.स.पू. ९१ च्या सुमारास अर्ध्या रोमन औंसावर आले. म्हणजे जवळजवळ विसांश उरले. तरीही जेनस आपल्या जागी कायम राहिला. धातू घटला, पण देवता हटली नाही.

देवतेची जागा :
हे स्थान ढळले ते राजकीय कारणांनी. सीझरच्या पक्षाशी लढणाऱ्या सेक्स्टस पॉम्पीने इ.स.पू. ४५ नंतर पाडलेल्या आसवर जेनसच्या चेहऱ्याला आपल्या दिवंगत पित्याची चेहरेपट्टी दिली. ऑगस्टसच्या काळात आसच्या दर्शनी बाजूस स्वतः सम्राटाचेच मुख आले. नीरोच्या कारकिर्दीत, इ.स. ६४ नंतरच्या नाण्यांवर जेनसच्या मंदिराची बंद दारे दिसतात. भूमीवर व समुद्रावर शांतता प्रस्थापित करून सम्राटाने ती मिटली, असा लेख त्यांवर आहे. समोर सम्राट आणि मागे देवाचे मंदिर, तेही सम्राटाच्या कर्तृत्वाचा पुरावा म्हणून!

समारोप :
साम्राज्यकाळात देवता नाण्यांवरून नाहीशा झाल्या नाहीत. त्या मागील बाजूस जाऊन सत्तेच्या पाठीराख्या बनल्या. लोकस्मृती मात्र सत्तेइतक्या लवकर बदलली नाही. इ.स. पाचव्या शतकातील लेखक मॅक्रोबियस नमूद करतो की, त्याच्या काळीही मुले नाणे उडवताना 'मस्तक की नौका' असे ओरडत. ती नौका नाण्यावरून केव्हाच गेलेली होती.