कथा दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे : पटकथाकार तेंडुलकर

विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांच्याविषयी मराठीत झालेले समीक्षालेखन बहुतांशी नाटकांभोवती फिरते. चित्रपट येतात ते लेखाच्या शेवटी, यादीच्या रूपाने. यामागची समजूत अशी की, चित्रपट दिग्दर्शकाचा; लेखक निमित्तमात्र.

श्रेयनामावली पाहिली तर ही समजूत बळकटच होते. ‘अर्धसत्य’ची (१९८३) मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’. ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून आलेला. ‘उंबरठा’च्या मुळाशी शांता निसळ यांची ‘बेघर’. ‘मंथन’च्या कथेवर व्हर्गिस कुरियन आणि श्याम बेनेगल यांची नावे. संवाद तरी तेंडुलकरांचे? हिंदीत तेही नाहीत. ‘निशांत’ आणि ‘आक्रोश’चे संवाद सत्यदेव दुबे यांचे, ‘मंथन’चे कैफी आझमींचे, ‘अर्धसत्य’चे वसंत देव यांचे. रंगभूमीवर ज्याच्या संवादांची धार गाजली, त्याच्याकडे इथे बहुधा कथाही नाही आणि शब्दही नाहीत. मग पटकथाकार म्हणून त्याचे असे काय उरले?

उत्तर शोधण्यासाठी हे चित्रपट एकापुढे एक ठेवून पाहावे लागतात. जब्बार पटेलांच्या ‘सामना’ची कथा मात्र तेंडुलकरांची स्वतःची. १९७५ साली बर्लिन महोत्सवात गेलेल्या या चित्रपटात एक दारुडा, भणंग मास्तर हिंदुराव धोंडे पाटलाच्या साम्राज्यात येऊन पडतो आणि नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, हे विचारत राहतो. बाहेरून आलेला, चार बुके शिकलेला माणूस, समोर पक्की सत्ता आणि मध्ये एक अडचणीचा प्रश्न, हा आराखडा इथे प्रथम स्पष्ट दिसतो. तो प्रश्न हिंदुरावाला अखेर खाली खेचतो.

पुढे आराखडा तोच राहिला, फळ बदलले. ‘निशांत’मधला शाळामास्तर पळवून नेलेल्या बायकोसाठी कायद्याची सगळी दारे ठोठावतो. शेवटी गाव पेटते, जमीनदार मारले जातात आणि त्याच जमावाच्या हातून त्याची बायकोही मरते. ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. सहकाराचा गौरव करणाऱ्या या चित्रपटातही डॉ. राव काम अर्धे टाकून बदलीवर जातो आणि संस्था पुढे नेण्याचे ओझे भोलावर येते. याच पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सिंहासन’चा पत्रकार दिगू टिपणीस सगळे पाहतो, सगळे जाणतो आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. ‘उंबरठा’तील सुलभा महाजन आश्रम सोडते, घरी परतते आणि पुन्हा घराबाहेर पडते. ‘अर्धसत्य’चा वेलणकर रामा शेट्टीचा गळा घोटून पोलिसांच्या स्वाधीन होतो.

दिग्दर्शक तीन: बेनेगल, पटेल, गोविंद निहलानी. भाषा दोन. मूळ लेखक वेगवेगळे. तरी सज्जन, सुशिक्षित मध्यमवर्गीयाच्या चांगुलपणाची हद्द कुठे संपते, हा शोध सर्वत्र एकच आहे. एवढे सातत्य योगायोगाने येत नाही. ते पटकथाकाराचे आहे.

या शोधाला आयुष्यातला आधारही होता. तेंडुलकरांनी वृत्तपत्रांत नोकऱ्या केल्या होत्या; सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप घेऊन समाजातील वाढत्या हिंसेचा अभ्यास केला होता. हिंसा ही काही दुष्टांची मिरास नाही, ती व्यवस्थेत मुरलेली असते, ही जाणीव ‘निशांत’च्या जमावात दिसते आणि वेलणकरच्या हातांतही.

‘आक्रोश’मध्ये (१९८०) ती टोकाला जाते. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू आपल्या वकिलाशीही बोलत नाही. भास्कर कुलकर्णी प्रामाणिक आहे, पण अशिलाचा शब्दच नसेल तर कोर्टात मांडायचे काय? संवादांवर हुकमत असलेल्या लेखकाने नायकाचे तोंड जवळजवळ चित्रपटभर बंद ठेवले. वडिलांच्या अंत्यविधीला आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलून बहिणीलाच मारतो, बायकोच्या वाट्याला आले ते तिच्या वाट्याला येऊ नये म्हणून. आणि मग त्याचा आवाज फुटतो. इतका वेळ आपण ज्याला दुबळेपणा समजत होतो, ती कोंडलेली किंकाळी होती, हे तेव्हा कळते. ती किंकाळी कुणाही संवादलेखकाला लिहून देता आली नसती. तिची जागा पटकथेनेच राखून ठेवली होती.

निहलानींचा कॅमेरा आणि ओम पुरींचा चेहरा यांच्याविना हे मौन पडद्यावर उभे राहिले नसते, हे खरेच. चित्रपटाचे श्रेय वाटूनच घ्यावे लागते. पण वाटणीत लेखकाचा हिस्सा शून्य धरणे हा अभ्यासकांचा आळस आहे.

पुढे तेंडुलकरांनी केतन मेहतांच्या ‘सरदार’ची पटकथा लिहिली, दूरदर्शनसाठी ‘स्वयंसिद्धा’ ही मालिका लिहिली; तीत मुख्य भूमिका त्यांची कन्या प्रिया तेंडुलकर यांची होती. नाटके छापली गेली, म्हणून अभ्यासक्रमांत गेली आणि वादांत टिकली. पटकथा मात्र चित्रीकरण संपले की कपाटात जाते. तेंडुलकरांच्या लेखनाचा हा अर्धा भाग वाङ्मय म्हणून वाचायचा, तर आधी त्या पटकथा मिळवून, संपादून छापाव्या लागतील. तोवर लहान्याचे मौन आपण ओम पुरींच्या नावावर जमा करत राहू आणि ते मुळात कागदावर आणणारा माणूस यादीतच राहील.