पिकले पान : एका संज्ञेचा विचार

जळगावकडील केळीच्या बागेत किंवा धुळ्याकडील कापसाच्या शेतात खालचे जुने पान पिवळे पडले, म्हणजे ते ‘पिकले’ असे आपण म्हणतो. फळ पिकते, शेत पिकते, केस पिकतात, तसेच पानही पिकते. प्राकृत ‘पिक्क’ व संस्कृत ‘पक्व’ यांच्याद्वारे हे क्रियापद ‘पच्’ या धातूपर्यंत जाऊन पोहोचते. शिजणे, पचणे व पिकणे हे तिन्ही अर्थ या एकाच धातूच्या पोटी आहेत. या व्युत्पत्तीचे स्मरण वनस्पतिविज्ञानाच्या संदर्भात करण्यास कारण आहे.

पेशी आपलेच घटक पचविते, या क्रियेस क्रिस्तियान द दूव यांनी १९६३ मध्ये ‘ऑटोफॅजी’ हे नाव दिले. ग्रीकमधील ‘स्वतः’ व ‘खाणे’ या अर्थांचे शब्द जोडून ते बनले आहे. त्याचे शब्दशः मराठी रूप ‘स्वभक्षण’ असे होईल. परंतु हा शब्द ऐकताच आत्मनाशाची कल्पना मनात उभी राहते. या क्रियेनेच पान मरत असावे आणि ती थांबविल्यास ते अधिक काळ हिरवे राहील, असा तर्क विद्यार्थी सहज करील.

प्रयोगाने नेमके उलट दाखविले. योशिनोरी ओसुमी यांनी १९९३ मध्ये ही क्रिया बंद पडलेले यीस्टचे प्रकार वेगळे केले व त्यांवरून तिच्या जनुकांचा शोध लागत गेला. या कार्यास २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मोहरीच्या कुळातील अरबिडॉप्सिस या वनस्पतीत तसेच जनुक निकामी केल्यावर तिची पाने लवकर पिवळी पडली, असे २००२ मध्ये दोन संशोधनांतून प्रसिद्ध झाले. निरोगी पानातही बिघडलेले घटक पटलात वेढून रिक्तिकेत नेले जातात, तेथे त्यांचे विघटन होते व निघालेले द्रव्य पुन्हा उपयोगी पडते. अतिनील किरणांनी बिघडलेली संपूर्ण हरितलवकेही अशीच तेथे पोहोचतात, हे २०१७ मध्ये दिसून आले. जुन्या पानातील नायट्रोजन नव्या पानांस व बीजांस मिळण्यातही या क्रियेचा वाटा आहे. सारांश, ती पानास मारणारी नसून सांभाळणारी आहे.

आपल्या पूर्वजांस पेशीविज्ञान अवगत होते, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. तथापि मराठीतून शिकविणाऱ्याने संज्ञा निवडताना ‘पच्’ धातूचा आश्रय घेऊन ‘स्वपचन’ म्हणणे अधिक युक्त होईल. भक्षणाने वस्तू संपते. पचनाने ती अंगी लागते.