नवजात बालकाचा श्वास : एका साध्या साधनाचा इतिहास

कोणत्याहि जुन्या धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या वह्या उघडून पाहाव्या, म्हणजे मधून मधून एका विशिष्ट प्रकारची नोंद आढळते. बालकास जन्मतःच प्राणसंकट उद्भवल्यामुळें सुइणीनें अथवा शेजारणीनें घरींच पाणी घालून स्नानसंस्कार दिला, असा तिचा आशय असतो. आणि मृत्यूच्या वहींत पाहूं गेल्यास पुष्कळदां एका-दोन दिवसांच्या अंतरानें तेंच नांव पुनः भेटतें. मरणाचें कारण लिहिलेलें असतेंच असें नाहीं. असलेंच, तर दिवस भरण्यापूर्वीं मूल जन्मलें, एवढाच उल्लेख. धर्मग्रामाच्या वाढीची हकीकत ज्युबिलीच्या निमित्तानें सांगितली जातेच. आम्ही ह्या पानांवर त्या वाढीस मुकलेल्या बालकांच्या आजाराची, व त्यावर निघालेल्या एका साध्या उपायाची हकीकत वाचकांपुढें ठेवणार आहों.

मनुष्याच्या फुप्फुसांत असंख्य सूक्ष्म वायुकोश असतात. श्वास सोडतांना ते मिटून जाऊं नयेत म्हणून त्यांच्या आंतील बाजूस सर्फॅक्टंट नांवाच्या स्निग्ध द्रव्याचा अति पातळ थर असतो. हें द्रव्य गर्भवासाच्या अखेरच्या कांहीं आठवड्यांतच पुरेसें तयार होतें. तत्पूर्वीं जन्मलेल्या बालकाचे वायुकोश प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ओल्या पिशवीच्या भिंतींप्रमाणें एकमेकांस चिकटूं लागतात, आणि पुढचा प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतक्याच कष्टानें घ्यावा लागतो. छाती आंत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, बालक कण्हूं लागतें आणि अखेर थकून जातें. मेलेल्या बालकांच्या फुप्फुसांत एक कांचेसारखा पडदा दिसे, म्हणून वैद्य ह्या रोगास त्या पडद्याच्या नांवानें ओळखत. खरें कारण पडदा नसून त्या स्निग्ध द्रव्याचा अभाव आहे, हें १९५९ सालीं मेरी एलन एव्हरी व जिअर मीड ह्या अमेरिकन संशोधकांनीं दाखवून दिलें.

कारण समजलें, तरी उपाय सांपडला नव्हता. ७ ऑगस्ट १९६३ रोजीं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी ह्यांस पुत्र झाला. पॅट्रिक असें त्याचें नांव ठेविलें. तो दिवस भरण्यापूर्वीं सुमारें साडेपांच आठवडे आधीं जन्मला होता, व त्याचें वजन सुमारें २.१ किलो होतें. सैनिकी तळावरील धर्मगुरूनें त्यास तांतडीनें स्नानसंस्कार दिला आणि बालकास बॉस्टन येथें नेण्यांत आलें. तेथें अधिक दाबाच्या हवेच्या मोठ्या पोलादी कोठडींत ठेवून त्यास वांचविण्याचा प्रयत्न झाला. परंतु अवघ्या ३९ तासांनीं, ९ तारखेस, तो मरण पावला. कार्डिनल कुशिंग ह्यांनीं त्याच्या अंत्यविधीची मिस्सा अर्पण केली. जगांतील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाच्या मुलाला त्या दिवशीं जें मिळूं शकलें नाहीं, तें आज एखाद्या गरीब देशाच्या रुग्णालयांत पाण्याच्या बाटलीच्या साहाय्यानें देतां येतें. ही अतिशयोक्ति नव्हे.

उपायाचें बीज बालकाच्या कण्हण्यांतच होतें. बालक कण्हतें तेव्हां तें कंठद्वार अर्धवट मिटून हवा आंत अडवून धरतें, व त्यामुळें वायुकोश उघडे राहतात. दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन येथील डॉक्टरांनीं १९६८ सालीं हें प्रयोगानें दाखविलें. कंठांत नळी घालून कण्हणें बंद पाडलें, कीं रक्तांतील प्राणवायु घटतो, असें त्यांस आढळलें. ज्यास आपण वेदनेचा हुंकार समजत होतों, ती त्या जीवाची स्वतःची चिकित्साच होती! सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. जॉर्ज ग्रेगरी ह्यांनीं तोच मार्ग धरून श्वासमार्गांत सतत थोडा दाब ठेवण्याची युक्ति काढिली. १९७१ सालीं त्यांनीं आपला अनुभव प्रसिद्ध केला : २० बालकांपैकीं १६ वांचलीं. ह्या पद्धतीस आतां सर्वत्र सीपॅप म्हणतात.

पुढें ही युक्ति आणखी सोपी झाली. नाकपुड्यांत दोन आंखूड मऊ नळ्या बसवावयाच्या, त्यांतून हवा व प्राणवायु ह्यांचें मिश्रण सोडावयाचें, आणि बाहेर जाणाऱ्या नळीचें टोंक बाटलींतील पाण्यांत बुडवून ठेवावयाचें. टोंक ५ सेंटिमीटर बुडालें असेल तर दाबहि साधारणतः ५ सेंटिमीटर पाण्याइतका. अधिक हवा असल्यास नळी आणखी खालीं सारावी. दाब मोजण्यास दुसरें यंत्र नको. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या रुग्णालयांत डॉ. जेन-टिएन वुंग ह्यांनीं १९७० च्या दशकापासून हीच पद्धत चालविली. इतरत्र मोठमोठीं कृत्रिम श्वासयंत्रें आलीं असतांहि त्यांनीं ती सोडली नाहीं. १९८७ सालीं आठ रुग्णालयांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हां लहान बालकांत फुप्फुसाचा जुनाट विकार कोलंबिया येथेंच सर्वांत कमी असल्याचें दिसून आलें.

आतां आफ्रिकेंतील मलावी देशाकडे वळूं. तेथील ब्लँटायर शहराचें नांव लिव्हिंग्स्टन ह्यांच्या स्कॉटलंडमधील जन्मगांवावरून पडलें आहे. २०१२ सालच्या एका जागतिक अहवालाप्रमाणें मुदतीपूर्वीं होणाऱ्या जन्मांचें प्रमाण मलावींत सर्व देशांपेक्षां अधिक, म्हणजे शेकडा १८, होतें. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल रुग्णालयांतील डॉक्टर आणि अमेरिकेंतील राइस विद्यापीठाचे अध्यापक व विद्यार्थी ह्यांनीं मिळून येथें एक स्वस्त साधन उभें केलें. ज्या लहान पंपांनीं शोभेच्या माशांच्या टाकींत हवा सोडतात, तसल्याच पंपांवर त्यांनीं आपल्या साधनाची रचना बसविली. बाजारांतील यंत्राच्या किंमतीच्या अल्पांशांत तें तयार होऊं लागलें. त्यास पुढें 'पुमानी' हें नांव मिळालें. चिचेवा भाषेंत त्याचा अर्थ निवांतपणें श्वास घ्या, असा होतो.

२०१४ सालीं तेथील फल प्रसिद्ध झालें. केवळ नाकावाटे प्राणवायु दिलेल्या २५ बालकांपैकीं शेकडा ४४ जगलीं. बुडबुड्यांचा सीपॅप मिळालेल्या ६२ पैकीं शेकडा ७१ जगलीं. चिठ्ठ्या टाकून बालकांची वांटणी केलेली नव्हती, म्हणून हे आंकडे कांहीं सावधगिरीनेंच वाचले पाहिजेत. तथापि अंतर लहान नव्हे.

ह्या साधनाची रोजची निगा मात्र थोडी विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण बालकाचें जगणें-मरणें पुष्कळ अंशीं तेथेंच ठरतें. नाकांतील नळ्या बालकाच्या मापाच्या हव्यात. लहान पडल्या तर हवा बाजूनें निसटते. घट्ट बसल्या तर दोन नाकपुड्यांमधला नाजूक पडदा दबून जखम होते. त्या जागीं राहाव्यात म्हणून बालकास टोपी घालून नळ्या तिला बांधतात. बाटलींतील बुडबुडे थांबले, कीं परिचारिकेनें समजावें : कोठें तरी हवा गळत आहे, नळी निसटली आहे, अथवा बालकानें तोंड उघडें ठेविलें आहे. परंतु बुडबुडे चालू आहेत म्हणून सर्व ठीक, असेंहि नव्हे. नाक शेंबडानें बुजलें असलें तरी बाटली आपली बुडबुडतच राहते, आणि बालक गुदमरत असतें. म्हणून नाक वारंवार तपासून साफ करावें लागतें. पोट हवेनें फुगूं नये म्हणून तोंडावाटे जठरांत बारीक नळी घालून तिचें टोंक मोकळें ठेवावें लागतें. नळ्यांत सांचलेलें पाणी काढावें, बाटलींतील पाणी खुणेपर्यंत राखावें, बालकास ऊब द्यावी, आणि एकाचें साधन दुसऱ्यास लावण्यापूर्वीं तें धुऊन, निर्जंतुक करून, पुरतें वाळवावें. ह्यांतलें एकहि काम अवघड नाहीं. परंतु तें रात्रीं तीन वाजतांहि करावें लागतें, आणि तेव्हां पुष्कळ बालकांमागें एकच परिचारिका जागी असते.

प्राणवायूचाहि प्रश्न असतो. जेथें त्याचे सिलिंडर वेळेवर पोंचत नाहींत, तेथें हवेंतून नायट्रोजन शोषून प्राणवायु पुढें सोडणारें कॉन्सन्ट्रेटर नांवाचें यंत्र वापरतात. त्याची बाहेरची गाळणी धुळीनें भरते; ती नियमानें धुऊन, वाळवून परत बसवावी लागते. दमटपणानें आंतील शोषक द्रव्य निकामी होतें, विजेच्या चढउतारानें यंत्र बिघडतें, आणि वीज गेली कीं तें तत्क्षणीं थांबतें. म्हणून भरलेला एक सिलिंडर शेजारीं ठेवणें भाग असतें. प्राणवायु कमी पडणें जसें घातक, तसें तो अधिक होणेंहि. १९४० च्या दशकांत व १९५० च्या दशकाच्या आरंभीं श्रीमंत देशांतील रुग्णालयांत मुदतीपूर्वीं जन्मलेल्या बालकांस मुबलक प्राणवायु दिला जाई, आणि त्यायोगें सुमारें दहा हजार मुलें आंधळीं झालीं. मेलबर्न येथील डॉ. केट कॅम्बेल ह्यांनीं १९५१ सालीं ह्या संबंधाकडे बोट दाखविलें. आज बालकाच्या पायास लावण्याचें ऑक्सिमीटर असतें. त्याचें मूळ तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी ह्यांनीं १९७४ सालीं मांडलें. त्याची तार नाजूक असते, आणि ती तुटली कीं प्राणवायु पुन्हां अंदाजानें देण्याची पाळी येते.

साधन चांगलें म्हणून तें कोठेंहि व कोणासहि लावावें, असा अर्थ मात्र कोणी काढूं नये. मलावींतच सलीमा येथील जिल्हा रुग्णालयांत न्युमोनियानें अत्यवस्थ झालेल्या मोठ्या मुलांवर, म्हणजे १ महिना ते ५९ महिने वयाच्या, हीच पद्धत तपासण्यांत आली. तेथें डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती. २०१९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला : साधा प्राणवायु दिलेल्या मुलांपैकीं शेकडा ११ दगावलीं, सीपॅप दिलेल्यांपैकीं शेकडा १७. नवजात बालकांचा हा प्रयोग नव्हता, तरी त्याची आठवण प्रत्येक उत्साही माणसानें ठेवावी असें आम्हांस वाटतें. उलटपक्षीं पापुआ न्यू गिनीच्या पांच रुग्णालयांत २००५ सालापासून कॉन्सन्ट्रेटर व ऑक्सिमीटर दिले, आणि त्याबरोबरच ते वापरण्याचें शिक्षणहि दिलें. तेथें न्युमोनियानें होणारे बालमृत्यु शेकडा ४.९७ वरून ३.२२ वर आले.

आमच्या महाराष्ट्रांत गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेनें खेड्यांतील स्त्रियांस नवजात बालकांची घरगुती शुश्रूषा शिकविली. त्यांत न श्वसणाऱ्या बालकास मुखवट्यावाटे हवा देण्याचेंहि शिक्षण होतें. १९९९ सालीं ३९ गांवांतील त्यांच्या कार्याचें फल प्रसिद्ध झालें. शेजारच्या गांवांशीं तुलना करतां नवजात बालकांचे मृत्यु शेकडा ६२ नीं घटले होते. येथें सीपॅप नव्हता, वीजहि लागत नव्हती. सराव केलेले हात मात्र होते.

हें सर्व आज लिहिण्याचें एक कारण आहे. ज्युबिलीच्या वर्षीं एखाद्या गरीब रुग्णालयास यंत्र भेट द्यावें, असा विचार धर्मग्रामांतून निघतो, व तो स्तुत्यच होय. परंतु २०११ सालीं १६ गरीब देशांतील लाखाहून अधिक वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या असतां शेकडा ३८ बंद पडलेलीं आढळलीं. कारणें मुख्यतः शिक्षणाचा अभाव, व्यवस्थेचा अभाव आणि वीज-पाण्याची उणीव हीं होतीं. म्हणून यंत्राची किंमत विचारण्यापूर्वीं त्याच्या गाळण्या जवळच्या शहरांत मिळतात काय, दुरुस्ती कोण करील, वीज दिवसांतून किती वेळां जाते, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेस तें चालवावयास कोणी व किती दिवस शिकविणार, हीं चौकशी करावी. नाकांतल्या नळ्या, टोप्या, ऑक्सिमीटरच्या तारा ह्या वस्तूंवर देणगीदाराचें नांव कोरतां येत नाहीं. पण वर्षाकाठीं संपतात त्या ह्याच. त्यांतलें काय अपुरें पडतें, हें त्या खोलीची जबाबदारी वाहणाऱ्या परिचारिकेस विचारून यादी करावी, आणि मग वर्गणीचा आंकडा ठरवावा.