स्वस्त कॅमेऱ्यातून काय काय काढलं

मार्चमध्ये रत्नागिरीहून मामेभावाचा मेसेज आला. तीन स्क्रीनशॉट आणि खाली एक ओळ: 'दादा, बारा हजार आहेत. यातला कुठला घेऊ?'

हे बारा हजार कसे जमलेत ते मला माहीत होतं. गेला लग्नाचा सीझन त्याने एका फोटोग्राफरच्या मागे लाइटचा स्टँड धरून काढला होता. चुकीचा कॅमेरा घेतला तर पुढचा सीझनही स्टँडच धरायचा, एवढा सोपा हिशोब.

तिन्ही जुने डीएसएलआर. पहिला निकॉन डी४०, सोबत पन्नास एमएमची जुनी लेन्स. दुसरा कॅनन ३०००डी, 'बॉक्ससकट, नव्यासारखा'. तिसरा कॅनन ६००डी, कोपरे घासलेले. त्याचा कल दुसऱ्याकडे होता, कारण तो सगळ्यात अलीकडचा, २०१८ सालचा. फोन घेताना आपण हेच बघतो, कॅमेरा घेताना वेगळं काय बघणार?

मी कॅमेऱ्यातला जाणकार नाही, कोड लिहितो. पण त्याच्याकडून दोन दिवस मागून घेतले आणि वाचायला बसलो. स्वस्त डीएसएलआर ही वस्तू मुळात आली कुठून, इथपर्यंत मागे गेलो. नुसती स्पेसिफिकेशन्स शेजारी शेजारी ठेवून जे कळत नव्हतं, ते तिथे सापडलं.

डिजिटल कॅमेऱ्याची सुरुवात बहुतेकांना ऐकून माहीत असते. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने बनवलेलं साडेतीन किलोचं खोकं एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचं. १९९१ मध्ये कोडॅकनेच निकॉन एफ३ या फिल्म कॅमेऱ्याला सेन्सर जोडून १.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा विकायला काढला. त्याची किंमत वीस हजार डॉलरच्या घरात होती आणि फोटो साठवायचं यंत्र वेगळं खांद्याला अडकवावं लागे. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ आला, २.७ मेगापिक्सेलचा, पाच हजार डॉलरच्या वरचा. वर्तमानपत्रांनी घेतला. हौशी माणसाचा त्यात काही संबंध नव्हता.

त्याचा संबंध आला २० ऑगस्ट २००३ला. त्या दिवशी कॅननने ईओएस ३००डी जाहीर केला. किंमत ८९९ डॉलर, १८-५५ एमएमच्या लेन्ससकट ९९९. हजार डॉलरच्या आतला हा पहिला डीएसएलआर. आपल्याकडे त्या वेळच्या भावाने नुसत्या बॉडीचेच चाळीस हजारांच्या वर होतात, तेव्हा 'स्वस्त' हा शब्द जपूनच वापरायचा. अमेरिकेत त्याचं नाव 'डिजिटल रेबेल' आणि जपानमध्ये 'किस डिजिटल'. 'किस' हे नाव कॅननने १९९३ साली आपल्या घरगुती फिल्म कॅमेऱ्याला दिलं होतं, मुलांचे फोटो काढणाऱ्या आयांसाठी. एकच यंत्र एका देशात बंडखोर आणि दुसऱ्या देशात आईचं, याची मला अजून गंमत वाटते.

आता हा स्वस्त झाला कसा? मला वाटलं होतं की सेन्सर बनवायचा खर्च उतरला असेल. तो उतरलाच असणार. पण ३००डीमधला ६.३ मेगापिक्सेलचा सेन्सर त्याच वर्षी आलेल्या ईओएस १०डीमधलाच होता, आणि १०डीची किंमत होती १४९९ डॉलर. म्हणजे फोटो ज्याच्यावर उमटतो ती वस्तू दोन्हीकडे एकच. मधले सहाशे डॉलर बाकीच्या गोष्टींतून आले. मॅग्नेशियमच्या बॉडीऐवजी चंदेरी प्लॅस्टिक. डोळा लावतो तिथे सघन काचेच्या प्रिझमऐवजी पोकळ जागेत आरसे बसवले, त्यामुळे दृश्य जरा अंधुक दिसतं. सलग काढता येणारे फोटो नवावरून चारावर आले.

इथपर्यंत ठीक. धातू महाग, काच महाग. पण आणखीही काही गोष्टी गायब होत्या. आयएसओ ३२०० नव्हता. फ्लॅशचा जोर कमी-जास्त करायची सोय नव्हती. फोकस कोणत्या पद्धतीने करायचा हे बहुतेक वेळा कॅमेराच ठरवायचा. यातल्या कशाला धातू लागतो?

२००४ मध्ये 'वास्या' या टोपणनावाच्या कुणीतरी रशियन माणसाने ३००डीचं बदललेलं फर्मवेअर इंटरनेटवर टाकलं. ते भरलं की मेनूत आयएसओ ३२०० दिसू लागायचा, फ्लॅशची भरपाई करता यायची. या गोष्टी कॅमेऱ्यातून काढलेल्याच नव्हत्या, आत कुलूप लावून ठेवलेल्या होत्या. किल्ली म्हणजे कोडमधल्या काही ओळी.

हे वाचताना मला जरा अवघडल्यासारखं झालं. ऑफिसमध्ये मी हेच करतो. गेल्या वर्षी आमच्या प्रॉडक्टच्या सगळ्यात स्वस्त प्लॅनमधून एक बटण काढायचं काम माझ्याकडे आलं. बटण काढलं नाही, एक अट घातली. कोड सगळ्या ग्राहकांकडे सारखाच जातो, कमी पैसे देणाऱ्याला ते बटण दिसत नाही एवढंच. महागडा प्लॅन विकला जावा म्हणून स्वस्तात काहीतरी खटकायला हवं, असं मीटिंगमध्ये कुणी म्हणत नाही. पण सगळ्यांना ते कळलेलं असतं, मलाही.

असो. कॅननची ही कुलपं सॉफ्टवेअरची होती म्हणून उघडली तरी. निकॉनची गोष्ट लोखंडाची आहे, आणि ती स्क्रीनशॉट क्रमांक एकशी थेट जोडलेली आहे.

१९८०च्या दशकात ऑटोफोकस आला तेव्हा लेन्स फिरवणारी मोटर कुठे बसवायची हा प्रश्न होता. निकॉनने ती बॉडीत ठेवली. १९८६चा एफ५०१ बॉडीतून बाहेर आलेल्या दांड्याने स्क्रूड्रायव्हरसारखी लेन्स फिरवायचा. त्यामुळे १९५९ पासूनचा एफ माउंट टिकला. कॅननने १९८७ मध्ये उलटं केलं. मोटर लेन्समध्ये घातली, माउंटच नवा आणला, आणि जुन्या एफडी लेन्स घेऊन बसलेल्या लोकांना वाऱ्यावर सोडलं. ते भयंकर चिडले आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण त्याचा फायदा पुढच्या पिढ्यांना झाला. ऑटोफोकसवाली कॅननची ईएफ लेन्स १९८७ची असो की २०१७ची, स्वस्तातल्या स्वस्त कॅनन डीएसएलआरवर ती फोकस करते. बॉडीत मोटर नाहीच, तर काढणार काय?

निकॉनला मात्र काढायला मोटर होती. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या डी४० मधून ती गेली. कॅमेरा लहान झाला, हलका झाला, लेन्ससकट ५९९ डॉलरला मिळू लागला. घेणाऱ्यांपैकी कितीतरी लोक सोबत आलेली लेन्स कधी बदलतच नाहीत, तेव्हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. फक्त वीस वर्षांनी तो कॅमेरा सेकंडहँड घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. जाहिरातीतल्या फोटोत दिसणारी ५० एमएम स्क्रूड्रायव्हरवाली होती. डी४० वर ती बसते आणि फोटोही छान काढते, पण फोकस हाताने करायचा. शिकायला उत्तम. वरमाला पडतानाच्या दोन सेकंदांत, पहिल्याच सीझनला, नाही.

राहिला लाडका ३०००डी. यात काढाकाढीची कमाल आहे. लेन्स बसते ती कडी प्लॅस्टिकची. चालू-बंद करायला वेगळं बटण नाही, वरची चकती फिरवायची. चष्म्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवायची सोय नाही. सेन्सर १८ मेगापिक्सेलचा, म्हणजे २०११च्या ६००डीइतकेच मेगापिक्सेल, आणि स्क्रीन त्याच्यापेक्षा लहान नि भरड. यातलं काहीही मी चालवून घेतलं असतं. पण बाहेरचा फ्लॅश बसतो त्या हॉटशूच्या मधोमध एक गोल संपर्क असतो. कुठल्याही कंपनीचा कॅमेरा कुठल्याही साध्या फ्लॅशला किंवा ट्रिगरला 'आता उडव' हा निरोप त्यातून देतो. ३०००डीमध्ये तो नाही. कॅननच्या फ्लॅशची भाषा बोलणारं यंत्र बाकीच्या पिनांवरून चालेल, साधं स्वस्त ट्रिगर चालणार नाही. आणि माझ्या भावाकडे फोटोग्राफरने दिलेली दोन साधी ट्रिगर होती. त्याच जोरावर तो कामं घ्यायला निघाला होता.

हे सगळं घडलं त्या काळात बाजार आटत होता. २०१२ मध्ये जगात दीड कोटीहून जास्त डीएसएलआर कारखान्यांतून बाहेर पडले. मग फोनचे कॅमेरे सुधारत गेले, आणि २०२० मध्ये मिररलेस कॅमेऱ्यांची संख्या पहिल्यांदा डीएसएलआरच्या पुढे गेली. ६००डी भरतीच्या दिवसांतला आहे, ३०००डी ओहोटीतला. तेव्हाचा स्वस्त कॅमेरा माणसाला आत ओढण्यासाठी बनवलेला होता. नंतरचा, मला वाटतं, उरलेल्या गिऱ्हाइकाला कमीत कमीत भागवण्यासाठी.

मी फोन करून म्हटलं, 'घासलेला घे.'

'दादा, पण तो किती जुना आहे!'

'तुझी ट्रिगर त्याच्यावर चालतात.'

यावर तो गप्प झाला. मग आम्ही व्हिडिओ कॉलवर विकणाऱ्याच्या घरी बसून कॅमेरा बघितला. पांढऱ्या भिंतीचा एफ/२२ ला फोटो काढून सेन्सरवरची धूळ पाहिली, दोनचार ठिपके होते. शटर किती वेळा उडालंय हे निकॉन फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतो, कॅनन लिहीत नाही, तेव्हा तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर भागवलं. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारला तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक फंगस. कोकणातल्या चार पावसाळ्यांत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सचं दुसरं काय होणार? दीड हजार कमी झाले.

६००डीवर 'मॅजिक लँटर्न' चालतं. ट्रॅमेल हडसनने २००९ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर कार्डावरून चालतं आणि कॅननने न दिलेल्या बऱ्याच गोष्टी देतं. मी उत्साहाने म्हटलं, टाकून देतो.

'आधी हॉटशू तर चालू दे,' तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने व्हिडिओ पाठवला. पडवीत अंधारात फ्लॅश उडतोय आणि मामी मागून ओरडतेय, डोळे दिपले म्हणून. राहिलेल्या पैशांत त्याने सिलिका जेल आणि एक जास्तीचं कार्ड घेतलंय. मे महिन्यात देवरुखला लग्न आहे.