मराठी विकीवरील शब्दशोध : रचना आणि मराठीच्या गरजा

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये आला. विकीवर पाने थोडी असतात तोवर दुवे धरत माहितीपर्यंत पोहोचता येते. पाने हजारोंनी वाढली की शोधाची सोय लागतेच. ही सोय मराठीत करायची तर शोधाची चौकट बसवून भागत नाही. शब्दांची रूपे ओळखावी लागतात.

१. सूची. प्रत्येक शोधावेळी सगळी पाने वाचून काढणे संगणकालाही परवडत नाही. म्हणून आधीच उलट सूची तयार करतात : शब्द, आणि तो ज्या पानांवर आहे त्यांचे क्रमांक. ग्रंथाच्या शेवटी असते तशीच ही शब्दसूची. विकीवरचे पान कधीही बदलते, त्यामुळे पान जतन होताच त्याच्या नोंदीही बदलायला हव्यात.

२. रूपभेद. कोल्हापूर जिल्ह्याच्या विकीवर असे वाक्य आहे असे धरू : ‘राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेच्या पुराने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली.’ वाचक शोधतो : ‘पंचगंगा पूर 43 फूट’. हवे ते पान हेच, तरीही चारांपैकी एकही शब्द जुळत नाही. तीन शब्दांची सामान्यरूपे झाली आहेत आणि आकडा दुसऱ्या लिपीत आहे. ‘बंधाऱ्या’तला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो; पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते निराळे शब्द वाटतात.

३. उपाय. लिपीचे भेद मिटवणे सोपे आहे : आकडे आणि जोडाक्षरे एकाच रूपात आणायची. सामान्यरूपाचे काम मात्र नाजूक आहे. ‘पुराने’मधून ‘ने’ काढला की ‘पुरा’ उरतो. तिथून ‘पूर’ गाठायचा तर शेवटचा आकार काढून उपान्त्य उकार दीर्घ करावा लागतो. हाच नियम ‘गुणाने’ला लावला तर ‘गूण’ हा चुकीचा शब्द हाती येतो. ‘पुर’ने सुरू होणारे सगळेच शब्द घेतले, तर पुरवठा, पुरस्कार, पुरातत्त्व अशी भलतीच पाने समोर येतात. म्हणून नियमांच्या जोडीला शब्दांची यादी हवी. शिवाय एक पथ्य कटाक्षाने पाळावे : सूचीतला शब्द ज्या प्रक्रियेतून जातो, वाचकाचा शब्दही तिच्यातूनच गेला पाहिजे.

४. विकीची स्वतःची पुंजी. अशी यादी विकीच्या मजकुरात आधीच दडलेली असते. संपादक ‘पंचगंगेच्या’ या शब्दाला ‘पंचगंगा नदी’ या पानाचा दुवा देतो, तेव्हा ते रूप कोणत्या नावाचे हे त्याने सांगितलेलेच असते. असे सगळे दुवे गोळा केले की विशेषनामांचा रूपकोश तयार होतो, आणि तोही मराठी जाणणाऱ्या माणसांनी पारखलेला. पुनर्निर्देशनेही याच कामाची : ‘करवीर’ शोधणाऱ्याला ‘कोल्हापूर’चे पान सापडते ते त्यांच्यामुळे. म्हणून सूची बनवताना दुव्यांची चिन्हे गाळावीत. दुव्याचा दिसणारा शब्द आणि लक्ष्यपानाचे नाव हे दोन्ही मात्र जपावे.

५. क्रम. सापडलेल्या पानांत आधी कोणते दाखवायचे? ‘आहे’ जवळपास प्रत्येक पानावर असतो, ‘पंचगंगा’ मोजक्याच. दुर्मीळ शब्दाला अधिक वजन द्यावे हे तत्त्व कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडले आणि ते आजही शोधयंत्रांच्या पायाशी आहे. शीर्षकात आलेल्या शब्दाला मजकुरातल्या शब्दापेक्षा जास्त मान द्यावा.

६. पडताळणी. निष्फळ ठरलेले शोधशब्द, शोधणाऱ्याची ओळख न ठेवता, नोंदवावेत. प्रत्येक शब्दामागे पान नाही की रूप ओळखले गेले नाही, हे तपासावे. पान नसेल तर लिहावे. रूप सुटले असेल तर दुवा किंवा पुनर्निर्देशन जोडावे. ही दुरुस्ती करायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. मराठी नीट जाणणारा शिक्षक, ग्रंथपाल किंवा विद्यार्थी ती करू शकतो आणि विकीच्या घडणीत तिला जागाही आहे. मराठी विकीचा शोध सुधारण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग मला हाच वाटतो.